संयुगातील मूलद्रव्याचे वस्तुमान

संयुगातील मूलद्रव्याचे वस्तुमान म्हणजे एखाद्या रासायनिक संयुगाच्या दिलेल्या राशीत एका विशिष्ट मूलद्रव्याचा जितका भाग असतो, त्याचे वस्तुमान होय. ते ग्रॅम, किलोग्रॅम अशा एककांत किंवा संयुगाच्या एकूण वस्तुमानाच्या टक्केवारीत सांगितले जाते. टक्केवारीत सांगितलेल्या मूल्याला त्या मूलद्रव्याचे *वस्तुमान-शतमान* किंवा *टक्केवारी संघटन* म्हणतात. संयुगाचे रेणुसूत्र आणि घटक मूलद्रव्यांची अणुवस्तुमाने ठाऊक असल्यास हे मूल्य प्रयोगाशिवाय, केवळ गणिताने काढता येते.

ही आकडेमोड माध्यमिक शाळेच्या रसायनशास्त्रात शिकवली जाते. महाराष्ट्रात इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील ‘द्रव्याचे मोजमाप’ या प्रकरणात तिचा पाया येतो. व्यवहारात खतांची मात्रा, मिठातील आयोडीन, खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील सोडियम आणि धान्यातील प्रथिने ठरवताना हेच गणित वापरले जाते. या लेखातील बहुतेक उदाहरणे पुण्यातील गुलटेकडी येथील मार्केट यार्डात उलाढाल होणाऱ्या मालाशी संबंधित आहेत.

## तत्त्व

या गणिताचा आधार स्थिर प्रमाणाचा नियम आहे. कोणत्याही शुद्ध संयुगात, ते कोठूनही मिळवलेले असो वा कोणत्याही रीतीने तयार केलेले असो, घटक मूलद्रव्यांच्या वस्तुमानांचे प्रमाण ठरलेलेच असते. समुद्राच्या पाण्यापासून मिळालेले शुद्ध सोडियम क्लोराइड आणि खाणीतून काढलेले शुद्ध सोडियम क्लोराइड यांत सोडियमचा वाटा सारखाच, म्हणजे ३९.३४ टक्के असतो.

याचे कारण रेणूच्या रचनेत आहे. संयुगाच्या प्रत्येक रेणूत (आयनिक संयुगात सूत्राच्या प्रत्येक एककात) प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या निश्चित असते आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे सरासरी वस्तुमानही निश्चित असते. त्यामुळे एका रेणूत जे प्रमाण असते, तेच चमचाभर किंवा पोतेभर पदार्थात असते.

## सूत्र व पायऱ्या

मूलद्रव्याचे वस्तुमान पुढील सूत्राने मिळते :

मूलद्रव्याचे वस्तुमान = संयुगाचे वस्तुमान × (रेणूतील त्या मूलद्रव्याच्या अणूंची संख्या × अणुवस्तुमान) ÷ रेणुवस्तुमान

आकडेमोडीच्या पायऱ्या अशा :

१. संयुगाचे रेणुसूत्र पाहून प्रत्येक मूलद्रव्याचे किती अणू आहेत ते मोजणे. सूत्रात कंस असल्यास कंसाबाहेरील अंकाने आतील प्रत्येक अणुसंख्येला गुणणे.
२. प्रत्येक मूलद्रव्याची अणुसंख्या त्याच्या अणुवस्तुमानाने गुणणे.
३. या सर्व गुणाकारांची बेरीज करून रेणुवस्तुमान मिळवणे.
४. हव्या असलेल्या मूलद्रव्याचा गुणाकार रेणुवस्तुमानाने भागणे. मिळालेला अपूर्णांक म्हणजे मूलद्रव्याचा वस्तुमान-अंश होय.
५. हा अंश संयुगाच्या दिलेल्या वस्तुमानाने गुणणे.

उलट गणितही याच सूत्रातून होते. मूलद्रव्य किती हवे हे ठरलेले असेल, तर ते वस्तुमान-अंशाने भागल्यास किती संयुग घ्यावे लागेल ते कळते.

या लेखात वापरलेली अणुवस्तुमाने : हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, नायट्रोजन १४.००७, ऑक्सिजन १५.९९९, सोडियम २२.९९०, फॉस्फरस ३०.९७४, गंधक ३२.०६, क्लोरीन ३५.४५, पोटॅशियम ३९.०९८, कॅल्शियम ४०.०७८, जस्त ६५.३८ आणि आयोडीन १२६.९०४.

## इतिहास

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी तांब्याच्या कार्बोनेटसारख्या संयुगांचे पृथक्करण करून स्थिर प्रमाणाचा नियम मांडला. क्लोद बेर्तोले यांनी त्याला विरोध केला. संयुगाचे संघटन ते तयार करण्याच्या परिस्थितीनुसार बदलू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. अनेक वर्षे चाललेल्या या वादातून संयुग आणि मिश्रण यांतील भेद स्पष्ट होत गेला.

इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अणुसिद्धांत मांडून या नियमाचे कारण दिले आणि सापेक्ष अणुवस्तुमानांची पहिली यादी तयार केली. तिच्यातील अनेक आकडे चुकीचे होते, कारण रेणूतील अणूंची संख्या निश्चित करण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. स्वीडनचे यन्स याकोब बर्झेलियस यांनी असंख्य पृथक्करणे करून बरीच अचूक कोष्टके प्रसिद्ध केली आणि आज वापरली जाणारी अक्षरचिन्हांची पद्धत रूढ केली. इटलीचे स्तानिस्लाओ कान्निझारो यांनी आव्होगाद्रो यांच्या गृहीतकाच्या आधारे अणुवस्तुमान आणि रेणुवस्तुमान यांतील गोंधळ दूर केला. १८६० साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेनंतर त्यांची पद्धत मान्य होत गेली. १९६१ पासून कार्बन-१२ या समस्थानिकाचे वस्तुमान नेमके १२ धरून इतर अणुवस्तुमाने सांगितली जातात.

## मूलभूत उदाहरण : साखर

मार्केट यार्डाच्या गूळ-भुसार बाजारातील साखर हा जवळजवळ शुद्ध स्वरूपात विकल्या जाणाऱ्या मोजक्या पदार्थांपैकी एक आहे. साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात.

* कार्बन : १२ × १२.०११ = १४४.१३२
* हायड्रोजन : २२ × १.००८ = २२.१७६
* ऑक्सिजन : ११ × १५.९९९ = १७५.९८९
* रेणुवस्तुमान : ३४२.२९७

कार्बनचा वस्तुमान-अंश १४४.१३२ ÷ ३४२.२९७ = ०.४२११, म्हणजे ४२.११ टक्के होतो. त्यानुसार साखरेच्या ५० किलोच्या पोत्यात २१.०५ किलो कार्बन, ३.२४ किलो हायड्रोजन आणि २५.७१ किलो ऑक्सिजन असतो. तिन्हींची बेरीज ५० किलो येते. अशी बेरीज करून पाहणे हा गणित तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

अणूंची संख्या आणि अणूंचे वस्तुमान यांतील फरकही येथे दिसतो. सुक्रोजच्या ४५ अणूंपैकी २२, म्हणजे जवळजवळ निम्मे अणू हायड्रोजनचे असतात, परंतु वस्तुमानात त्याचा वाटा केवळ ६.४८ टक्के आहे.

त्याच बाजारातील गुळाला मात्र हे गणित लावता येत नाही. गूळ हे सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, पाणी, खनिजे आणि इतर द्रव्यांचे मिश्रण आहे. उसाची जात, जमीन, रस आटवण्याची रीत आणि साठवण यांनुसार त्याचे संघटन बदलते. मिश्रणाला रेणुसूत्र नसते, म्हणून गुळातील लोहाचे प्रमाण सूत्रावरून सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेत मोजावेच लागते.

## मीठ, सोडियम आणि आयोडीन

### सोडियम

सोडियम क्लोराइडचे सूत्रवस्तुमान २२.९९० + ३५.४५ = ५८.४४ आहे. सोडियमचा अंश ०.३९३४ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे अशी शिफारस केली आहे. ५ ग्रॅम मिठात १.९७ ग्रॅम सोडियम असते. म्हणूनच हीच शिफारस ‘२ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम’ अशीही दिली जाते. वेष्टनावरील आकडा सोडियमचा असल्यास त्याला २.५४ ने गुणून तितक्या सोडियमशी समतुल्य मीठ काढता येते. सोडियमचा आकडा मिठाचा समजल्यास प्रत्यक्ष मीठ अडीच पटीने कमी भासते. रक्तदाबाच्या रुग्णासाठी ही चूक गंभीर ठरू शकते.

पदार्थातील सर्व सोडियम मिठातूनच येते असे नाही. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याचे सूत्रवस्तुमान ८४.००६ असून त्यात २७.३७ टक्के सोडियम असते. पापडखारातही सोडियमचे क्षार असतात. त्यामुळे पापड किंवा खारी बिस्किटे यांतील एकूण सोडियम काढताना प्रत्येक संयुगाचा वाटा स्वतंत्रपणे काढून बेरीज करावी लागते.

### आयोडीन

आयोडीनयुक्त मिठात भारतात प्रामुख्याने पोटॅशियम आयोडेट मिसळतात. उष्ण व दमट हवेत ते पोटॅशियम आयोडाइडपेक्षा अधिक टिकते. आयोडेटच्या सूत्रात पोटॅशियमचा १, आयोडीनचा १ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. त्याचे सूत्रवस्तुमान २१३.९९९ असून आयोडीनचा वाटा ५९.३० टक्के आहे. आयोडाइडमध्ये हाच वाटा ७६.४५ टक्के असतो.

एक किलो मिठात ३० मिलिग्रॅम आयोडीन हवे असल्यास ३० ÷ ०.५९३० = ५०.६ मिलिग्रॅम आयोडेट लागते. म्हणजेच एक क्विंटल मिठाला सुमारे ५.०६ ग्रॅम. आयोडाइडसाठीचा आकडा (३९.२ मिलिग्रॅम) चुकून आयोडेटसाठी वापरला, तर मिठात प्रत्यक्षात २३.३ मिलिग्रॅमच आयोडीन येईल. प्रौढ व्यक्तीची आयोडीनची दैनंदिन गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम मानली जाते. किलोमागे १५ मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या १० ग्रॅम मिठातून तेवढे आयोडीन मिळते.

## खते : नत्र, स्फुरद आणि पालाश

मार्केट यार्डाच्या कांदा-बटाटा विभागात येणारा कांदा पिकवताना शेतकऱ्याला हे गणित सर्वाधिक उपयोगी पडते. खताच्या गोणीवरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी दर्शवतात.

### युरिया

युरियाच्या रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. रेणुवस्तुमान ६०.०५६ असून नायट्रोजनचा वाटा २८.०१४ ÷ ६०.०५६ = ४६.६५ टक्के येतो. बाजारातील युरियात ४६ टक्के नत्र धरले जाते. उरलेला फरक ओलावा आणि अल्प अशुद्धतेमुळे पडतो.

युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे. २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. ५० किलोच्या गोणीत २३ किलो, तर ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. मात्रा किलोऐवजी गोण्यांत मोजण्याची जुनी सवय कायम राहिल्यास चार गोण्यांमागे ९.२ किलो नत्र कमी पडते.

### ऑक्साइडचा संकेत

खतांच्या बाबतीत एक संकेत नीट समजून घ्यावा लागतो. नत्राची टक्केवारी मूलद्रव्यरूप नायट्रोजनची असते, परंतु स्फुरदाची टक्केवारी फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या आणि पालाशची टक्केवारी पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात दिलेली असते. गोणीत ही दोन्ही ऑक्साइडे प्रत्यक्षात नसतात. एकोणिसाव्या शतकातील पृथक्करणात घटकांचे वस्तुमान ऑक्साइडच्या रूपात मांडण्याची पद्धत होती. तीच पुढे कायदे, शिफारशी आणि व्यापार यांत टिकून राहिली.

* फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस ४३.६४ टक्के असतो. स्फुरदाचा आकडा ०.४३६ ने गुणल्यास शुद्ध फॉस्फरस मिळतो.
* पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियम ८३.०१ टक्के असते. पालाशचा आकडा ०.८३० ने गुणल्यास शुद्ध पोटॅशियम मिळते.

डायअमोनियम फॉस्फेट (डीएपी) हे १८:४६:० या श्रेणीचे खत आहे. त्याच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. त्या २३ किलोंत मूलद्रव्यरूप फॉस्फरस मात्र सुमारे १० किलोच असतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. शुद्ध पोटॅशियम क्लोराइडमध्ये ५२.४५ टक्के पोटॅशियम असते. पालाशच्या रूपात ते ६३.१८ टक्के होते. खतावर ६० टक्के पालाश लिहिलेले असते, यावरून खतातील पोटॅशियम क्लोराइडची शुद्धता सुमारे ९५ टक्के आहे असे काढता येते.

### मात्रेचे उदाहरण

कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही मात्रा महाराष्ट्रात प्रचलित आहे. ती डीएपी, युरिया आणि म्युरेट ऑफ पोटॅश यांतून द्यायची असल्यास गणित असे होते :

* डीएपी : ५० ÷ ०.४६ = १०८.७ किलो. त्यातून १९.६ किलो नत्रही मिळते.
* युरिया : उरलेले नत्र ८०.४ किलो. ८०.४ ÷ ०.४६ = सुमारे १७५ किलो, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ चार गोण्या.
* म्युरेट ऑफ पोटॅश : ५० ÷ ०.६० = ८३.३ किलो.

एकरी मात्रेसाठी हे आकडे २.४७ ने भागावे लागतात. डीएपीतील नत्र वजा न केल्यास युरिया २१७ किलो येतो, म्हणजे सुमारे ४३ किलो जास्त पडतो.

शिफारशीतील ५० किलो हे मूलद्रव्यरूप फॉस्फरसचे समजल्यास डीएपीचा आकडा १०८.७ ऐवजी सुमारे २४९ किलो येतो. म्हणजे हेक्टरी जवळजवळ तीन गोण्या वाया जातात. जमिनीत स्फुरद गरजेपेक्षा जास्त झाल्यास पिकाला जस्त मिळण्यातही अडथळा येतो. उलट परदेशी पुस्तकातील मूलद्रव्यरूप आकडा ऑक्साइडचा समजल्यास पिकाला निम्म्याहून कमी स्फुरद मिळते. त्यामुळे कोणतीही शिफारस वापरण्यापूर्वी ती मूलद्रव्याच्या रूपात आहे की ऑक्साइडच्या, हे पाहणे आवश्यक असते.

कांद्याला गंधकाचीही गरज असते. शुद्ध अमोनियम सल्फेटमध्ये २१.२० टक्के नायट्रोजन आणि २४.२६ टक्के गंधक असते. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरदासोबत सुमारे ११ टक्के गंधक असते. ५० किलो स्फुरदासाठी ते ३१२.५ किलो लागते आणि त्यातून सुमारे ३४ किलो गंधक मिळते. डीएपी वापरल्यास वाहतुकीचा बोजा कमी होतो, परंतु हे गंधक मिळत नाही.

### अनुदान

१ एप्रिल २०१० पासून भारतात स्फुरद व पालाशयुक्त खतांसाठी पोषणमूल्याधारित अनुदान योजना लागू आहे. तीत नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक यांच्या प्रत्येक किलोमागे अनुदानाचा दर ठरवला जातो आणि खताच्या श्रेणीवरून त्या खताचे अनुदान काढले जाते. युरिया या योजनेबाहेर आहे.

## स्फटिकजल

काही संयुगांच्या स्फटिकांत पाण्याचे रेणू ठरावीक संख्येने बांधलेले असतात. त्याला स्फटिकजल म्हणतात. रेणुवस्तुमान काढताना हे पाणीही धरावे लागते.

जस्ताच्या कमतरतेवर वापरले जाणारे झिंक सल्फेट दोन रूपांत मिळते. सात पाणी-रेणू असलेल्या रूपाचे सूत्रवस्तुमान २८७.५४ असून त्यात २२.७४ टक्के जस्त असते. एक पाणी-रेणू असलेल्या रूपाचे सूत्रवस्तुमान १७९.४५ आहे आणि त्यात ३६.४३ टक्के जस्त असते. खत म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी किमान प्रमाण अनुक्रमे २१ व ३३ टक्के आहे. पहिल्या प्रकारच्या १० किलो खतातून मिळणारे २.१ किलो जस्त दुसऱ्या प्रकारच्या ६.४ किलो खतातून मिळते. दोन्ही पिशव्यांवर ‘झिंक सल्फेट’ असेच लिहिलेले असल्याने केवळ नाव व किंमत पाहून केलेली तुलना फसवी ठरते.

## मूलद्रव्यावरून संयुग : डाळीतील प्रथिने

काही वेळा मूलद्रव्याचे वस्तुमान मोजून त्यावरून संयुगाचे प्रमाण काढतात. डाळी, कडधान्ये, पेंड आणि दूध यांतील प्रथिने ठरवण्याची प्रचलित पद्धत अशीच आहे. डेन्मार्कचे योहान केल्डाल यांनी कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत १८८३ साली ती विकसित केली. या पद्धतीत नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवतात. त्यातील नायट्रोजनचे अमोनियम सल्फेट होते. नंतर अल्कली घालून अमोनिया मुक्त करतात, तो आम्लात शोषून घेतात आणि अनुमापनाने मोजतात.

प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे गृहीत धरून नायट्रोजनचा आकडा ६.२५ (१०० ÷ १६) ने गुणतात. तुरीच्या डाळीच्या एखाद्या नमुन्यात ३.५ टक्के नायट्रोजन आढळल्यास त्यात सुमारे २१.९ टक्के प्रथिने आहेत असे मानले जाते. या आकड्याला ‘कच्ची प्रथिने’ म्हणतात, कारण नायट्रोजन प्रथिनांतूनच आला आहे याची खात्री ही पद्धत देत नाही.

या उणिवेचा गैरफायदा घेतला गेला आहे. मेलामाइन या संयुगात ६६.६ टक्के नायट्रोजन असतो. एक ग्रॅम मेलामाइन या गणितात सुमारे ४.२ ग्रॅम प्रथिनांसारखे दिसते. २००८ साली चीनमध्ये दूध आणि दूध-भुकटीत मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले. त्यामुळे मूत्रपिंडाचे विकार होऊन बालके दगावली आणि लाखो बालकांना त्रास झाला. दुधातील युरियाच्या भेसळीमागेही हेच तत्त्व आहे. एक ग्रॅम युरियामुळे सुमारे २.९ ग्रॅम प्रथिनांचा भास होतो. म्हणून संशय असल्यास एकूण नायट्रोजनसोबत युरिया व मेलामाइन यांच्या स्वतंत्र चाचण्या केल्या जातात.

## सूत्रात नसलेली मूलद्रव्ये : कॅल्शियम कार्बाइड

फळबाजारात आंबा व केळी कृत्रिमरीत्या पिकवण्याच्या संदर्भात कॅल्शियम कार्बाइडचा उल्लेख वारंवार होतो. त्याच्या सूत्रात कॅल्शियमचा १ आणि कार्बनचे २ अणू असतात. सूत्रवस्तुमान ६४.१० असून कॅल्शियम ६२.५२ टक्के व कार्बन ३७.४८ टक्के असतो. ओलाव्याशी संयोग होऊन त्यापासून ॲसिटिलीन वायू निर्माण होतो. कार्बाइडमधील सर्व कार्बन ॲसिटिलीनमध्ये जातो, म्हणून १ किलो शुद्ध कार्बाइडपासून ४०६ ग्रॅम ॲसिटिलीन मिळते.

या गणितातून आरोग्यावरील धोका मात्र दिसत नाही. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांची अशुद्धता असते आणि पाण्याच्या संपर्कात त्यांची विषारी हायड्राइडे बाहेर पडतात. ही दोन्ही मूलद्रव्ये संयुगाच्या सूत्रात नसल्याने त्यांचे वस्तुमान पृथक्करणाशिवाय कळत नाही. ॲसिटिलीन वायूने पिकवलेल्या फळांच्या विक्रीस अन्न सुरक्षा कायद्याखालील २०११ च्या विनियमांनुसार मनाई आहे. त्याऐवजी पिकवणगृहात इथिलीन वायू दहा लाखांत १०० भागांपर्यंत वापरण्यास परवानगी आहे.

## नेहमी होणाऱ्या चुका

* कंसाबाहेरील अंक विसरणे. अमोनियम सल्फेटमध्ये अमोनियमचे दोन गट असतात. एकच धरल्यास नायट्रोजन २१.२० ऐवजी १२.२८ टक्के येतो.
* अणूंची संख्या म्हणजेच वस्तुमानाचे प्रमाण समजणे. साखरेतील हायड्रोजनच्या उदाहरणात हा फरक दिसतो.
* स्फटिकजल न धरणे. त्यामुळे मूलद्रव्याचे प्रमाण वास्तवापेक्षा जास्त येते.
* संकेत न पाहणे. फॉस्फरस व फॉस्फरस पेंटॉक्साइड, सोडियम व मीठ, आयोडीन व आयोडेट यांची गल्लत होते.
* शुद्धता १०० टक्के धरणे. सूत्रावरून मिळणारे मूल्य ही शुद्ध संयुगासाठीची कमाल मर्यादा असते. मालाची शुद्धता ठाऊक असल्यास त्या अंशाने गुणावे लागते.
* अणुवस्तुमाने लवकर पूर्णांकात आणणे. क्लोरीनसाठी ३५.४५ ऐवजी ३५ धरल्यास मिठातील सोडियमचे प्रमाण ३९.६ टक्के येते. अंतिम उत्तर काढेपर्यंत दशांश राखणे योग्य असते.

## मर्यादा

सूत्रावरून केलेले गणित शुद्ध व ज्ञात संयुगालाच लागू पडते. मिश्रणे, नैसर्गिक पदार्थ आणि ज्यांचे संघटन थोडेफार बदलते अशी काही घन संयुगे यांच्याबाबत प्रत्यक्ष पृथक्करण करावे लागते. तसेच एखाद्या मूलद्रव्याचे एकूण वस्तुमान कळले, तरी ते पिकाला किंवा शरीराला किती उपलब्ध होईल हे त्यावरून ठरत नाही. खडक-फॉस्फेटमध्ये फॉस्फरस भरपूर असला, तरी तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. यासाठी खतांच्या बाबतीत एकूण स्फुरदासोबत पाण्यात विरघळणाऱ्या स्फुरदाचे प्रमाणही वेगळे दिले जाते.

## हेही पाहा

* अणुवस्तुमान
* मोल
* स्थिर प्रमाणाचा नियम
* रासायनिक खते
* मार्केट यार्ड, पुणे